शिकवणारे हात कुठून आणायचे?

वलवण-लोणावळ्याच्या विद्यार्थ्याला डॉक्टर व्हायचे, तर मावळात तळेगाव दाभाड्याचे वैद्यकीय महाविद्यालय १९९५ पासून आहे. राज्यात अशा महाविद्यालयांची संख्या आता वेगाने वाढते आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी एकाच दिवशी १० नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. प्रत्येकी १०० जागा धरल्या, तर वर्षाला हजार नवे विद्यार्थी. इमारत दोन-तीन वर्षांत उभी राहते. अध्यापक मात्र तेवढ्यात घडत नाही. एमबीबीएस व आंतरवासितेची साडेपाच वर्षे, पदव्युत्तर शिक्षणाची तीन आणि वरिष्ठ निवासी म्हणून एक, एवढी वाट चालल्यावर सहायक प्राध्यापकाची खुर्ची दिसे. तीही बरेचदा कंत्राटी! त्याच पात्रतेच्या तज्ज्ञाला खासगी व्यवसायात कितीतरी अधिक मिळते, हे घरच्यांना कोणी सांगावे लागत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जुलै २०२५ मध्ये नियम सैल केले ते या टंचाईमुळेच. २२० वा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयांना अध्यापन संस्थेचा दर्जा मिळू शकतो. तेथे १० वर्षे काम केलेला पदव्युत्तर तज्ज्ञ सहयोगी प्राध्यापक, तर दोन वर्षे काम केलेला सहायक प्राध्यापक होऊ शकतो. त्याला वरिष्ठ निवासीपदाची अट नाही; संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम मात्र दोन वर्षांत पुरा करावा लागेल. जिल्हा रुग्णालयात हजारो रुग्ण हाताळलेल्या डॉक्टरकडून रुग्णशय्येपाशी शिकणे विद्यार्थ्याच्या हिताचेच आहे. पण शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन या विषयांत रुग्णालयाचा अनुभव कामी येत नाही. आणि खासगी व्यवसायाला वाव नसलेल्या याच विभागांकडे तरुण डॉक्टर वळत नाहीत.

लोणावळ्यात याला एक जुना संदर्भ आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन केले, योगक्रियांचा परिणाम क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासला, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. योगाचे महाविद्यालय त्यानंतर आले. आधी प्रयोगशाळा, मग वर्ग. आज क्रम उलटा झाला आहे. प्रवेश आधी, अध्यापकांच्या जाहिराती नंतर. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रावरील हजेरीने कागदावरचे अध्यापक उघडे पडतील, पण रिकाम्या जागी नवे येणार नाहीत. त्यासाठी कायम पदे वेळेवर भरावी लागतील आणि पायाभूत विषयांच्या अध्यापकांना वेगळा भत्ता द्यावा लागेल. खर्च शासनाचा आहे. तो टाळला, तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदन टेबलापाशी एकटाच उभा राहील.