वैमानिकाला न दिसणारी तार



२०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस टोळधाड विदर्भात शिरली आणि आपल्या भंडारा जिल्ह्यापर्यंत येऊन ठेपली, हे तुमच्या ध्यानात असेल. त्याच वर्षी राजस्थानात टोळांवर औषध फवारण्यासाठी हेलिकॉप्टर लावावे लागले. आकाशातून फवारणी ही काही नवी गोष्ट नव्हे. अमेरिकेत ओहायो राज्यात १९२१ साली विमानातून झाडांवर कीडनाशक भुकटी धुरळली गेली होती. आपल्या देशातही हिंदुस्थान एअरोनॉटिक्स कारखान्याने १९७० नंतरच्या दशकात खास शेतीकामासाठी ‘बसंत’ नावाचे विमान बांधले. आता फवारणीचे ड्रोन आले आहेत. यंत्र बदलले, पण एक धोका तसाच राहिला. तो म्हणजे शेतावरची विजेची तार.

उंचावरून सोडलेले औषध वाऱ्यावर उडून जाते. म्हणून फवारणीचे हेलिकॉप्टर पिकाच्या अगदी जवळून न्यावे लागते. ताशी १०० किलोमीटर वेग धरला, तर एका सेकंदात ते सुमारे २८ मीटर पुढे जाते. खांब दिसतो, पण बारीक तार मागच्या झाडांच्या रंगात मिसळून जाते. ती नजरेस पडेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. इंजिन उंचावर बंद पडले, तर वाऱ्याच्या जोराने पाती फिरत राहतात आणि वैमानिक यंत्र सांभाळून खाली उतरवू शकतो. जमिनीलगत मात्र तेवढी उसंत मिळत नाही.

वैमानिकाला न दिसणारी तार तुम्हाला पाठ असते. कोणत्या धुऱ्यावरून लाइन गेली, कोठे ती लोंबकळते, कोणत्या बांधीत खांबाची ताणतार आहे, हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक? म्हणून फवारणीच्या आदल्या दिवशी चालकाला बरोबर घेऊन सारे शेत पायी फिरा. बांबूला रंगीत कापड बांधून ताणतारेजवळ आणि लाइनखाली खुणा रोवा, मात्र तारेला हात किंवा बांबू लावू नका. मोटारीसाठी ओढलेली वायर असेल तर तीही दाखवा. ड्रोन आला तरी हाच नियम पाळा.

फवारणीच्या वेळी गंमत पाहायला पोरांची झुंबड उडते. त्यांना आणि गुराढोरांना दूर ठेवा. बोडीत मासे असतील, शेजारी कोणी मधाच्या पेट्या ठेवल्या असतील, तर त्यांना आधी कळवा. वारा जोराचा असेल तर काम पुढे ढकला.

आणि दुर्दैवाने यंत्र कोसळलेच तर? माणुसकीने धावून जावेसे वाटते, पण क्षणभर थांबा. तुटून पडलेल्या तारेत वीज असू शकते. आधी वायरमनला सांगून प्रवाह बंद करवा आणि ११२ क्रमांकावर कळवा. फिरत्या पात्यांजवळ जाऊ नका. विडी-काडी पेटवू नका, कारण तेल सांडलेले असते. टाकीतले औषध अंगावर उडाले असेल तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवा आणि औषधाच्या डब्यावरचे लेबल डॉक्टरांना दाखवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा फवारणी जमिनीवरून झाली होती. विष पंपातले असो की आकाशातून पडलेले, ते सारखेच घातक.

धानावर तुडतुडा पडला की घाई होते, हे खरे. पण कीड दोन तास थांबली तर पीक जात नाही. शेत पायी पाहून घेण्याला तेवढाच वेळ लागतो, आणि त्यात आकाशातल्या माणसाचा जीव वाचू शकतो. तोही कोणाच्या तरी घरचा कर्ता असतो.