प्लंबर लुटत नाही हो, आपणच कागद करत नाही

ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये, मित्रांच्या कट्ट्यावर, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक वाक्य हमखास ऐकू येतं - "पाच मिनिटांचं काम केलं आणि पाचशे रुपये घेऊन गेला!" आपल्या लोकांचं क्रिकेटवर एकमत होत नाही, राजकारणावर तर नाहीच नाही. पण प्लंबर लुटतात यावर मात्र अख्खा महाराष्ट्र एक आहे.

मला हे साफ अमान्य आहे. प्लंबर महाग नाही. महाग आहे ती आपली सवय. काम काय हे लिहायचं नाही, माल कोणता हे बघायचं नाही, टेस्ट करायची नाही, आणि शेवटी मजुरीवर घासाघीस करून आपण फार हुशार आहोत असं समजायचं.

हे मी लातूर-नांदेडच्या घरांबद्दल मुद्दाम लिहितोय, कारण आपल्यापैकी कित्येकजण पुण्यात नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये असतात आणि आई-बाबांच्या घरातली गळती फोनवरून मॅनेज करतात. पुण्याच्या फ्लॅटमध्ये पाण्याची निम्मी भानगड सोसायटी बघते. आपल्याकडे प्रत्येक घर म्हणजे स्वतंत्र पाणीपुरवठा खातं! मोजून बघा. नळाची लाइन, मीटर, खाली हौद, हौदातली मोटर, वर टाकी. बोअरची वेगळी लाइन आणि वेगळी मोटर. वापरायच्या पाण्याची एक टाकी, प्यायच्या पाण्याची दुसरी. सोलर, गीझर, आरओ. ड्रेनेज नसेल तिथे सेप्टिक टँक. लातूरला मांजरा धरणाचा आधार, नांदेडला विष्णुपुरीचा आणि गोदावरीचा. पण दोन्ही शहरांत नळाला चोवीस तास पाणी नाही, म्हणून ही सगळी यंत्रणा प्रत्येकाने आपापल्या खर्चाने उभी केलेली आहे. एवढे सांधे म्हटल्यावर गळणार, तुंबणार, बिघडणार. आणि ती सगळी सांभाळणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? "नळवाला."

आता त्या पाच मिनिटांचा हिशोब करू. तो गावाच्या दुसऱ्या टोकाहून पेट्रोल जाळून येतो. पान्हे, कटर, ड्रिल स्वतःचे. बिघाड कुठे आहे हे ओळखायला त्याला पाच मिनिटं लागतात, कारण त्याआधी दहा वर्षं त्याने हेच केलेलं असतं. पीएफ नाही, मेडिक्लेम नाही, काम नसेल त्या दिवशी शून्य. आपण मात्र क्लायंटबरोबरच्या कॉलवर अर्धा तास म्यूट बसतो आणि तोही तास बिल होतो. तेव्हा कुणी म्हणत नाही, "अहो, तुम्ही तर काहीच बोलला नाहीत!" :)

पण खरी गंमत पुढे आहे. आपण मजुरी पाडली की तो माणूस घरी उपाशी बसत नाही. तो ती दुसरीकडून काढतो, आणि ती जागा म्हणजे माल. पाइप आणि नळाच्या कंपन्या प्लंबरसाठी कूपनच्या, बक्षिसांच्या योजना चालवतात. दुकानदाराचं कमिशन हे तर उघड गुपित. म्हणजे मजुरीत शंभर रुपये वाचवून आपण त्याला जास्त एल्बो, जास्त टी, महाग तोटी खपवायचं कारण देतो. कंपनीत याला इन्सेंटिव्ह चुकीचा लावणं म्हणतात आणि त्यावर दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. घरी आलं की तेच डोकं आपण चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

उपाय अगदी साधा आहे. मजुरी उघडपणे ठरवा आणि नीट द्या. माल त्याच्याकडून यादी घेऊन स्वतः आणा. यादीत साइज, नग आणि आयएस नंबर हवा. गरम पाण्याला सीपीव्हीसी, त्याचा आयएस १५७७८. पांढरा यूपीव्हीसी फक्त गार पाण्याला. गीझरच्या लाइनला तो लावून चार पैसे वाचवाल आणि पुढे टाइल फोडाल. दोघांचं सोल्यूशनही वेगळं असतं, "एकाच डब्यात भागवू" चालत नाही. सांडपाण्याच्या एसडब्ल्यूआर पाइपमध्ये टाइप ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपला, टाइप बी संडास-बाथरूमला. ए पातळ, म्हणून स्वस्त. आणि गच्चीवर उघड्यावर गेलेल्या पाइपला रंग मारून घ्या. आपल्या मराठवाड्याचं ऊन प्लास्टिकवर दया करत नाही.

मजुरी ठरवायच्याही तीन पद्धती आहेत - रोजाने, पॉइंटवर किंवा उक्तं. बिघाड शोधायचा असेल तर रोज बरा. नवं बाथरूम असेल तर पॉइंट, पण पॉइंट म्हणजे काय ते आधी विचारा. गीझरचे दोन पॉइंट की एक? झिरी मारणं त्यात आलं का? मारलेली झिरी बुजवणार कोण, तो की गवंडी? निम्मी भांडणं या तीन प्रश्नांवर होतात आणि नंतर म्हणतात प्लंबर फसवतो. बाबांनो, स्पेक दिला नाही तर डेव्हलपर त्याच्या मनानेच कोड लिहिणार ना?

टेस्टिंगचा विषय तर विचारूच नका. पाइप भिंतीत गेले की दुसऱ्या दिवशी टाइल्सवाला हजर! अहो, आधी जोड चोवीस तास वाळू द्या, मग लाइन बंद करून टेस्ट पंप लावा, नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काटा तासभर बघा. काटा पडला तर गळती, नाही पडला तर टाइल्स. एक दिवस जातो. हा दिवस आपण देत नाही, कारण वास्तुशांतीचा मुहूर्त काढलेला असतो. मग दोन वर्षांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल येते, कोणता जोड गळतो ते कळत नाही, अख्खी भिंत फुटते आणि शिव्या प्लंबरला.

झाकण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, बाजूला टेप धरून. फुकट आहे. आमच्या बाबांनी नव्वदच्या दशकात घर बांधताना एका वहीत प्रत्येक पाइप कुठून कुठे गेलाय ते पेन्सिलने काढून ठेवलंय, दारापासून किती फुटांवर, जमिनीपासून किती उंचीवर. आजही प्लंबर आला की आधी ती वही उघडते आणि काम निम्म्या वेळात होतं. डॉक्युमेंटेशन नसलेला कोड आणि नकाशा नसलेली भिंत, दोन्ही लिहिणारा सोडून गेला की फक्त देवच वाचवतो.

दुसरा एक नमुना बघा. शॉवरला धार नाही म्हणून प्लंबर बदलणारे लोक. दाबाचं गणित सोपं आहे. पाणी दहा मीटर उंचीवर असेल तेव्हा एक किलोचा दाब मिळतो. तुमची टाकी शॉवरच्या वर तीन मीटर असेल तर दाब पाव किलोच्या जरा वर. त्यात इंपोर्टेड रेन शॉवर बसवला तर तो रडणारच. प्लंबरने काय हवेत टाकी टांगायची? दुसरं कारण बोअरचं पाणी. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलोय आणि बऱ्याच बोअरचं पाणी जड. पिण्याच्या पाण्याच्या मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, कठीणपणाची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. एकदा पाणी तपासून घ्या, मग कळेल गीझरची कॉइल का जाते आणि तोटी का अडकते. क्षार साचले हा काही प्लंबरचा भ्रष्टाचार नाही.

आता जरा कडू. प्लंबरच्या प्रामाणिकपणावर बोलणाऱ्या किती घरांत नळाच्या लाइनवर थेट मोटर बसवलेली आहे? ती बसवायला कुणी सांगितलं? आपणच. "पाणी कमी येतं हो, जरा मोटर जोडून द्या." त्याने लाइनमध्ये उलटी ओढ तयार होते, शेजाऱ्याचं पाणी आपल्या हौदात येतं, आणि मुख्य पाइप कुठे फुटका असेल तर बाजूच्या गटाराचं पाणीही त्यात शिरतं. हा चोरीचा प्रकार आहे, आणि वर आजारांना आमंत्रण. महापालिकेने मोटर जप्त केली की ओरडतोही आपणच!

लातूरकरांनी तरी हे करू नये. २०१६ आठवतं ना? मांजरा कोरडं पडलं, मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी गर्दी होऊ नये म्हणून १४४ कलम लावावं लागलं, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली 'जलदूत' रेल्वे आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर पाणी, तेही साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांबून. सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं. आता हे गणित करा. तोटी सेकंदाला एक थेंब गळते आणि थेंब पाव मिलिलिटरचा धरला, तर दिवसाला एकवीस-बावीस लिटर. तेवीस हजार घरांत एकेक तोटी एक दिवस ठिबकली की जवळजवळ ती पहिली रेल्वे रिकामी! आणि ही तोटी आपण महिनोन्‌महिने का ठेवतो? वॉशर पाच-दहा रुपयांचा असतो, "त्यासाठी कोण दोनशे रुपये व्हिजिट देणार" म्हणून. फ्लशची टाकी तर आवाजही न करता गळते. टाकीत थोडा रंग टाका आणि पंधरा-वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग दिसला तर गळती आहे. बोलवा प्लंबर, द्या व्हिजिटचे पैसे.

आणि सगळ्यात कडू म्हणजे सेप्टिक टँक. "तुंबलंय, कुणाला तरी उतरवा, वरून पाचशे देऊ." या वाक्यावर माणसं मेली आहेत. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले. आत विषारी वायू असतो, पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्याने असं धोकादायक पद्धतीने माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि काम करून घेणारा घरमालकही त्यात येतो. सक्शनची गाडी मागवा. गाडीचे पैसे जास्त वाटत असतील तर तुम्ही वाचवताय काय आणि कशाच्या बदल्यात, हे एकदा स्वतःच्या तोंडाने मोठ्याने म्हणून बघा.

आता कुणी म्हणेल, "म्हणजे सगळे प्लंबर साधुसंत?" अजिबात नाही. जुनी तोटी बदलली सांगून तीच परत बसवणारे आहेत, अर्धं काम टाकून फोन बंद करणारे आहेत. पण त्यावरचा उपाय घासाघीस नाही. ज्याला स्वस्तात पाडता येतं, तोच अर्ध्यात पळतो. चांगला माणूस आपल्या भावाला चिकटून असतो, कारण त्याच्याकडे काम असतं.

आणि चांगली माणसं कमी का, हेही विचारा. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा ट्रेड आहे. आपल्या ओळखीत किती जणांनी मुलाला तिकडे घातलं? 'लातूर पॅटर्न'चा आपल्याला केवढा अभिमान. घरटी एक डॉक्टर नाहीतर इंजिनिअर पाहिजे. मीही त्याच रांगेतला. तिकडे ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्याने पिढ्यान्‌पिढ्या देशभर प्लंबर पुरवले, तिथे पट्टामुंडईला प्लंबिंगची सरकारी संस्थासुद्धा आहे. त्या लोकांना या कामाची लाज वाटली नाही. आपल्याला मात्र प्लंबर हवा असतो, फक्त तो आपल्या घरात जन्मलेला नको असतो.

असो. फार तापलो. पुढच्या वेळी काम काढाल तेव्हा एक साधा कागद करा, वहीचं पान चालेल. काम काय आणि कुठपर्यंत. मालाची यादी, कोण आणणार. मजुरी कशी, रोज की पॉइंट की उक्तं. पैसे तीन टप्प्यांत, शेवटचा टप्पा टेस्ट झाल्यावर. झाकण्याआधी फोटो. गळती निघाली तर किती दिवसांपर्यंत तो फुकट येणार. खाली दोघांच्या सह्या. वाद झालाच तर जिल्हा ग्राहक आयोगात हाच कागद आणि पैसे दिल्याची यूपीआयची नोंद उपयोगी पडते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. पण बहुतेक वेळा तिथवर जावंच लागत नाही. कागद झाला की दोन्ही बाजू सरळ वागतात.

आणि तो कागद त्यालाही वाचवतो बरं का. "हे पण करून टाका की जाता जाता" हे आपलं लाडकं वाक्य आहे ना, त्याच्यापासून. आपण याला चेंज रिक्वेस्ट म्हणतो आणि क्लायंटकडून त्याचे वेगळे पैसे घेतो.