‘बिग फाइव्ह’ झाले का?

केनियाहून परत आलेल्या माणसाला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात. "बिग फाइव्ह झाले का?" जणू चारधामच! हापिसच्या कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या लिफ्टमध्ये आणि मावशीच्या फोनवर मिळून गेल्या तीन आठवड्यांत मी किमान पंधरा वेळा हे ऐकलंय. माझं म्हणणं सरळ सांगून टाकतो. मसाईमारात आज प्राण्यांच्या उरावर ज्या गाड्या चढतात, त्या या एका प्रश्नापायी चढतात. वाचून राग आला तर हरकत नाही. विकांत आहे, भांडायला वेळ आहे. :-)

आधी ही यादी आली कुठून ते बघू. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकेतली रानम्हैस. यात जिराफ नाही, पाणघोडा नाही, चित्तासुद्धा नाही. कारण ही यादी प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी केलेलीच नाही, केली ती गोऱ्या शिकाऱ्यांनी. पायी जाऊन बंदुकीने मारायला सगळ्यात अवघड आणि धोक्याचे कोण, तर हे पाच. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. बंदूक गेली, कॅमेरा आला, यादी मात्र तशीच राहिली. आणि आपण ती शिकाऱ्यांची यादी खिशात घालून स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत फिरतो!

आमच्या धंद्यात हा रोग चांगला ओळखीचा आहे. सपोर्ट टीमला सांगा की दिवसाला किती तिकिटं बंद केली यावर अप्रेझल ठरणार. महिन्याभरात तिकिटं भराभरा बंद होतात, आणि क्लायंटचा प्रॉब्लेम तिथेच असतो. मोजायची गोष्ट एकदा का ध्येय झाली, की मूळ काम गेलं खड्ड्यात. बिग फाइव्ह हे सफारीचं असंच टार्गेट आहे.

आम्ही आठ जण गेलो होतो. आई-बाबा, बायको, मी, आणि मित्राचं चौघांचं कुटुंब, त्यात दोन मुलं. मित्राने निघायच्या आधीच व्हॉट्सॅप ग्रुपवर यादी टाकली होती, प्राणी दिसला की पुढे टिकमार्क. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार टिका झाल्या, राहिला बिबट्या. त्या क्षणापासून आमच्या गाडीत बाकीचं जंगल संपलं. रस्त्याच्या कडेला हत्तींचा कळप उभा होता, एक पिल्लू आईच्या पायांमधून सोंड बाहेर काढून बघत होतं. ड्रायव्हरने वेग कमी केला, तर बाबा म्हणाले, "अरे, हत्ती झालेत की काल!"

हत्ती झालेत. पोळ्या झाल्यात, अंघोळ झालीय, हत्ती झालेत.

मग वायरलेसवर 'दुमा' हा शब्द आला. सिंबा म्हणजे सिंह, चुई म्हणजे बिबट्या आणि दुमा म्हणजे चित्ता, एवढं स्वाहिली एव्हाना मुलांनाही पाठ झालं होतं. गाडी सुसाट. पोचलो तर एक मादी आणि तिची तीन पिल्लं, आणि भोवती गाड्या. मी मोजल्या, तेवीस. ती उठून दहा पावलं चालली की तेवीसच्या तेवीस गाड्या सुरू होऊन पुन्हा तिच्या पुढ्यात. मी म्हटलं, चला इथून. मतदान झालं, सात विरुद्ध एक! मित्र म्हणाला, "माणशी दोनशे डॉलर भरलेत बाबा, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. मीटर चालू आहे." त्याचा हिशोब बरोबर होता. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला मसाईमाराची जुलै ते डिसेंबरची फी दिवसाला २०० डॉलर आहे. प्रश्न एवढाच, की ते पैसे आपण कशाचे भरतो?

चित्त्याचं गणित जरा समजून घ्या. सिंह आणि बिबट्या बरीचशी शिकार रात्री करतात. चित्ता करतो मुख्यतः दिवसा, नजरेच्या जोरावर. म्हणजे नेमकी जी आपली गाडी फिरवायची वेळ, तीच त्याची पोट भरायची वेळ. अंगाने सडपातळ, त्यामुळे तरस किंवा सिंह आले तर मारलेलं हरीण सोडून निघून जाण्याशिवाय त्याला गत्यंतर नसतं. पिल्लं असलेल्या मादीला तर शिकारही करायची आणि पिल्लं लपवायचीही. तिच्याभोवती तेवीस गाड्या म्हणजे तिची शिकार बुडाली आणि लपायची जागाही उघडी पडली. फेम्के ब्रूकहाउस या संशोधिकेचा मसाईमारातल्याच चित्त्यांवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जिथे पर्यटकांची गर्दी कमी, तिथे एका वितीतली सरासरी २.३ पिल्लं स्वतंत्र होण्याइतकी मोठी झाली. जिथे गर्दी जास्त, तिथे ०.२. म्हणजे पाच वितींमागे एक पिल्लू! गर्दीच्या भागातल्या मादीच्या पिल्लांचे फोटो काढतो, तेव्हा जी पिल्लं बहुधा मोठी होणारच नाहीत त्यांचे फोटो आपण काढत असतो.

आणि हेच आपण लोक! १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियाहून आठ चित्ते कुनोत आले तेव्हा टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या आपण. भारतातून हा प्राणी नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं होतं, त्याचं केवढं दुःख. आणि जिथे तो अजून स्वतःच्या पायांवर उभा आहे तिथे जाऊन त्याची वाट अडवायची.

हे आफ्रिकेतच होतं असंही नाही. ३१ डिसेंबर २०२४ ला आपल्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबन आणि दंड कुणाला? तर गाड्यांचे चालक आणि गाइड यांना. २०२५ च्या जुलैत सेरेंगेटीत पर्यटक गाड्यांतून उतरून मारा नदीच्या काठावर जाऊन उभे राहिले आणि नदी ओलांडायला आलेल्या विल्डबीस्टची वाट अडली. चित्रफीत जगभर फिरली, आणि तिथेही पहिली ओरड गाइडांच्या नावाने.

इथेच माझं खरं भांडण आहे. "ड्रायव्हरने नाही म्हणायला नको का?" हो, म्हणायला हवं. पण त्याच्या मिळकतीचा मोठा भाग आपल्या टीपेवर चालतो. टीप ठरते बिबट्या दिसला की नाही यावर, आणि बिबट्या नाही दिसला तर आपण घरी येऊन कंपनीच्या नावाने एक स्टार देतो. एका प्राण्याजवळ पाचापेक्षा जास्त गाड्या नकोत, हा मसाईमारातला नियम त्याला पाठ आहे. आठ जणांचं मागून "और आगे, और आगे" चालू असताना तो नियम पाळायचा कुणाच्या जिवावर? डेडलाइन आपण लादायची आणि बग निघाला की ज्युनियरला झापायचं, तसला हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पर्यटकच गेले नाहीत तर हे प्राणी उरतील का? नाही उरणार, किंवा फार थोडे उरतील. मसाईमारा राखीव क्षेत्राला लागून नाबोइशो, मारा नॉर्थ, ओलारे मोटोरोगी अशा कॉन्झर्व्हन्सी आहेत. जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची. ती पर्यटनासाठी भाड्याने दिली जाते, तिथे कुंपणं पडत नाहीत आणि घराला नियमित भाडं मिळतं. २०२० मध्ये पर्यटन थांबलं तेव्हा या भाड्यालाही कात्री लागली. तेव्हा जाऊच नका असं मी म्हणत नाहीये. जरूर जा, आई-बाबांना, पोराबाळांना घेऊन जा. या कॉन्झर्व्हन्सींमध्ये गाड्यांच्या संख्येवर मर्यादा असते. महाग पडतं, मान्य. मग सहा दिवसांऐवजी चारच दिवस जा.

आणि पहिल्या सकाळी गाडीत बसल्या बसल्या ड्रायव्हरला तीन वाक्यं सांगा. पाच गाड्या दिसल्या की आपण वळायचं. प्राण्याच्या वाटेत गाडी घालायची नाही. टीप ठरलेली आहे, बिबट्या दिसो न दिसो तेवढीच मिळेल. हे सगळ्यांच्या देखत सांगा, म्हणजे घरच्यांनाही कळेल. मतदान आधीच उरकून घ्या, चित्त्यासमोर नको. मग हत्तींपाशी अर्धा तास थांबा. पिल्लू सोंडेचं काय करायचं ते शिकत असतं, ते बघायला वायरलेस लागत नाही.

बिबट्या नाही दिसला तर नाही दिसला. दोनशे डॉलर त्याने घेतलेले नाहीत.