गोल बसवले म्हणजे गटात शिकवले असे नाही



‘गटकार्यामुळे आमच्या हुशार मुलांचे नुकसान होते’ ही तक्रार पालकसभेत हमखास येते. ती खोटी नाही. चौघांत एक तक्ता दिला की एक लिहितो, एक रंगवतो, उरलेले दोघे बघत बसतात आणि गुण चौघांना सारखेच मिळतात. असे गटकार्य उद्या बंद झाले तरी मला वाईट वाटणार नाही. पण म्हणून मुलांना पुन्हा फळ्याकडे तोंड करून ओळीत बसवा, हे मला मान्य नाही. दोष गटाचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे.

ही वाटणी बदलता येते. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले एका वर्गात आली आणि तणाव वाढला. तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरनसन यांनी धड्याचे भाग पाडून गटातल्या प्रत्येकाला एकेकच भाग दिला. उरलेला धडा सोबत्यांकडूनच ऐकायचा. परीक्षा मात्र ज्याची त्याने, पूर्ण धड्यावर द्यायची.

आपल्या चौथीच्या शिवछत्रपतींच्या इतिहासात हे सहज जमते. पाच जणांत प्रतापगड (१६५९), पन्हाळ्याचा वेढा (१६६०), लाल महाल (१६६३), पुरंदरचा तह (१६६५) आणि आग्रा (१६६६) वाटून द्यावेत. सगळ्या गटांतल्या ‘पुरंदर’वाल्यांनी आधी एकत्र बसून तह समजून घ्यायचा आणि मग आपापल्या गटात परतून तो सांगायचा. तह कळल्याशिवाय महाराज आग्र्याला का गेले हे उलगडत नाही, त्यामुळे तो भाग वर्गातल्या सर्वांत अबोल मुलीकडे असला तरी बाकीच्यांना तिचे ऐकावेच लागते. तिची तयारी आधीच झालेली असल्याने ती अडखळली तरी थांबत नाही. हुशार मुलाचेही नुकसान होत नाही. तहात तेवीस किल्ले का द्यावे लागले, हे दुसऱ्याला पटवून देताना पाठांतर पुरत नाही, कारण समोरचा ‘पण का?’ असे विचारतो.

याला एका तासिकेऐवजी दोन लागतात, हे मान्य. तयारीही जास्त लागते, आणि पन्नास-साठ मुलांच्या वर्गात ती कोणाकडूनही होणार नाही. शिक्षणहक्क कायद्याने पाचवीपर्यंत तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. आधी तेवढा द्या. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या साधनांत गटकार्य शेवटी ‘इतर’मध्ये ढकलले आहे, तिथून ते वर आणा आणि त्यात प्रत्येक मुलाचे आकलन स्वतंत्र तपासण्याची अट घाला. प्रशिक्षणात गटकार्याचे फायदे आम्हाला पुष्कळदा सांगून झाले आहेत. आता पाठ्यपुस्तकातला एखादा धडा घेऊन तो पाच जणांत कसा वाटायचा, हे तज्ज्ञांनी खऱ्या वर्गात, खऱ्या मुलांसमोर करून दाखवावे.

– एक प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा