चेकिंग फुकट ठेवलंत, तर पार्ट विकावेच लागतील



जुन्या लक्झरी गाडीचं आयडलिंग कसं तपासायचं, ते या आठवड्याच्या व्हिडिओत पाहिलं. आता त्याच कामाची धंद्याची बाजू. माझं मत सरळ आहे: चेकिंगचे पैसे वेगळे घ्या, आधी सांगून घ्या, जॉब कार्डवर लिहून घ्या.

का, ते एका गाडीवरून बघा. बीएमडब्ल्यू ई-४६, सहा सिलिंडरचं एम-५४ इंजिन. या गाड्यांना आता वीसेक वर्षं होऊन गेलीत. सिग्नलला उभी राहिली की गाडी थरथरते, आरपीएमचा काटा वर-खाली होतो. स्कॅनर लावला की बऱ्याचदा पी-०१७१ आणि पी-०१७४ हे कोड येतात. म्हणजे सिलिंडरच्या दोन्ही गटांत मिश्रण लीन आहे, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. कोड एवढंच सांगतो. कुठला पार्ट बदला, हे तो सांगत नाही. तरी अनेक ठिकाणी लगेच एअरफ्लो सेन्सर, ऑक्सिजन सेन्सर, कॉइल अशी यादी तयार होते.

त्याआधी फ्युएल ट्रिम बघा. आयडलिंगला ट्रिम खूप प्लसमध्ये आहे आणि २५०० आरपीएमला शून्याच्या जवळ येतो? मग पहिला संशय एअर लीकवर. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यामुळे फटीतून घुसलेली हवा त्यात मोठा वाटा घेते. रेस वाढली की तो वाटा नगण्य होतो. उलट, लोडवर ट्रिम वाढत असेल तर फ्युएल प्रेशर आणि एअरफ्लो सेन्सर तपासा.

या इंजिनात एअरफ्लो सेन्सर आणि थ्रॉटलच्या मधला रबरी पाइप घड्यांमध्ये चिरतो. वरून दिसत नाही, वाकवून बघावा लागतो. क्रँककेस व्हेंटिलेशनचा व्हॉल्व्हही जातो. शोधायला स्मोक मशीन वापरा. गरम इंजिनावर स्प्रे मारून लीक शोधू नका, आग लागू शकते.

आता हिशोब. समजा, गॅरेजचा महिन्याचा खर्च १,२०,००० रुपये आहे आणि महिन्यात कामाचे ३०० तास विकले जातात. म्हणजे एक तास तुम्हाला ४०० रुपयांना पडतो. दोन तास शोधाशोध केली की ८०० रुपये गेले, नफा अजून धरलेलाच नाही. आणि निघालं काय? चिरलेला रबरी पाइप! चेकिंग फुकट असेल तर हे ८०० रुपये कुठून काढणार? पार्टमधूनच. मग चांगला सेन्सरसुद्धा ‘खराब’ दिसायला लागतो. माणूस वाईट नसतो, बिलाची रचनाच त्याला तिकडे ढकलते.

“पैसे मागितले तर गिऱ्हाईक पळेल,” असं तुम्ही म्हणाल. काही जण जातील. पण तीन पार्ट बदलूनही गाडी थरथरत राहिली, तर गिऱ्हाईक जातं आणि चार जणांना सांगतं. फी घेतली तर हातात काहीतरी द्या: ट्रिमचे आकडे, स्मोक टेस्टचा फोटो, दोन ओळींचा निष्कर्ष. दोष सापडला नाही, तर तेही लिहून द्या.

आणि काम तुमच्याकडेच केलं म्हणून फी बिलातून वजा करू नका. वजा केलीत, की पुन्हा पार्ट विकायची ओढ लागते.

आजच जॉब कार्डवर एक ओळ वाढवा: ‘तपासणी शुल्क’. समोर रक्कम लिहा, बाजूला गिऱ्हाइकाची सही घ्या. तुमच्या गॅरेजचा तासाचा खर्च किती येतो, तो काढून व्हिडिओखाली कळवा.