तपासणी ऊसतोडीनंतर ठेवा

घनसावंगी तालुक्यातलं तीर्थपुरी उसाच्या पट्ट्यात येतं. महाराष्ट्र सरकारने 2022 च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही महिलांच्या आरोग्य तपासणीची मोहीम काढली. हेतू चांगला, पण इथे नवरात्र म्हणजे ऊसतोडीला निघण्याची लगबग. तपासणीत काही निघालं तर फडावर पाठपुरावा कोण करणार? म्हणून मजूर बायकांची तपासणी टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्यात व्हावी. ‘काही दुखत नाही, मग दवाखाना कशाला?’ या आक्षेपाचं उत्तर मराठवाड्यातच मिळालं आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो खोटा नाही: तपासायला गेलं की गर्भपिशवीच काढतात. बीडच्या ऊसतोड महिलांवरील अशा शस्त्रक्रियांबाबत 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पण नियमित सरकारी तपासणीचा कागद हाती असेल, तर ‘पिशवी काढा’ म्हणणाऱ्याला कारण विचारता येतं. कर्करोगापूर्वीचे बदल लवकर सापडले, तर बहुतेकदा गर्भाशय न काढताही उपचार होतात.