प्रेमाने पोर सुधारते काय?

मागे एकदा 'वासूनाका' शिकवून संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पोक्याला एखादी चांगली मुलगी भेटली असती तर तो सुधारला असता का?" वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आपल्या लोकप्रिय कथांनी, आणि त्याहून अधिक चित्रपटांनी, मवाली तरुण रंगवला तो याच गृहीतकावर. एका बाजूला गल्ली, टोळी, चाकू. दुसऱ्या बाजूला ती. त्याने दोहोंतून एक निवडायचे आणि त्याने 'ती' निवडली की आपण निश्चिंत मनाने घरी जायचे.

भाऊ पाध्ये यांची ही कादंबरी 1965 साली आली. आचार्य अत्रे यांनी तिच्यावर अश्लीलतेचा ठपका ठेवला, तर दुर्गाबाई भागवत तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. चर्चा श्लील-अश्लीलाभोवतीच अधिक फिरली. नाक्यावरच्या त्या पोरांना प्रेमाची भाषा मिळणार तरी कुठून, हा प्रश्न मागे पडला.

तो प्रश्न पुढे नागराज मंजुळे यांनी विचारला असे आम्हांस वाटते. 'फँड्री' घडतो तो आमच्या नगरजवळच्या अकोळनेरात. त्यातला जब्या गुन्हेगार नव्हे. शालूच्या ध्यासाने काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडणारा स्वप्नाळू पोर आहे. शेवटी त्याच्या हाती उरतो तो दगड. हा चित्रपट फेब्रुवारी 2014 मध्ये महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. त्यानंतर तिसऱ्याच महिन्यात, एप्रिल 2014 मध्ये, याच जिल्ह्यातील खर्डा येथे एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला. उच्चजातीय मुलीशी असलेल्या कथित मैत्रीवरून तो झाल्याचा आरोप होता. 2017 साली सत्र न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

या घटनेनंतर 'गुन्हा की प्रेम' हे द्वंद्व आम्हांला पूर्वीसारखे शिकवता येईना. ज्या मुलाने मुलीकडे पाहणे हाच गुन्हा ठरतो, त्याच्यापुढे निवड कसली ठेवायची?

'झुंड' (2022) पाहताना हेच पुन्हा जाणवले. नागपूरच्या झोपडपट्टीतला डॉन चोऱ्यामाऱ्या करतो, मारामाऱ्या करतो आणि भिंतीपलीकडच्या भावनावर त्याचा जीव जडला आहे. रूढ चित्रपटात तिने त्याला माणसात आणले असते. येथे ते प्रेम बहुतांशी नजरेपुरतेच राहते. त्याच्या हाती काही देतो तो फुटबॉल. (बोराडे सरांच्या पात्रामागे नागपुरात 2001 पासून झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल उभा करणारे विजय बारसे आहेत.) पण खेळ आला, शिस्त आली, तरी पोलिसांच्या दफ्तरातले नाव काही पुसले जात नाही, पासपोर्टाच्या वेळी ते आडवे येतेच. आणि काहीही न चोरलेली मोनिका? तिलाही आपण कोण हे सिद्ध करणारे कागद जमवताना बापासह दारोदार फिरावे लागते. आमच्या मते तिचे कथानक डॉनच्या कथानकावरचे सर्वांत मार्मिक भाष्य आहे. ज्याने गुन्हा केला आणि जिने केला नाही, ती दोघेही भिंतीच्या त्याच बाजूला उभी आहेत.

चित्रपट जेथे आम्हांला उणा वाटतो ती जागाही सांगायला हवी. न्यायालयात डॉनच्या वतीने बोलतात ते बोराडे सर. भाषण परिणामकारक आहे. त्या भूमिकेत अमिताभ बच्चन असल्यावर ते तसे होणारच. परंतु ज्याचे आयुष्य पणाला लागले आहे तो तेथे गप्प राहतो. पाध्यांचा पोक्या कितीही ओंगळ बोलो, बोलतो तो स्वतः. त्या निवेदनात पश्चात्ताप नाही, सुधारण्याचे वचनही नाही, आणि म्हणूनच ते आजही अंगावर येते.

त्या विद्यार्थिनीला तेव्हा आम्ही पोक्याच्या स्वभावाविषयी दोन वाक्ये सांगून वेळ मारून नेली होती. आज तिने तोच प्रश्न केला, तर तिला उलट विचारावेसे वाटते: त्या चांगल्या मुलीच्या घरी हे कळले असते तेव्हा काय झाले असते?